प्रीनप करायचा की नुसत्या याद्या? सोलापूरकडच्या लग्नाळू मंडळींसाठी

प्रीनप, म्हणजे लग्नाआधी दोघांनी पैसा-मालमत्तेबद्दल लिहून ठेवायचा करार, हा शब्द आता आपल्या सोलापुरात पण पोचलाय. पसंती आली, सुपारी फोडायची तारीख ठरली, की पुण्यात नोकरीला असलेली एखादी चुलत बहीण हळूच म्हणते अगं प्रीनप करून घे, आणि बैठकीतले मामा-काका एकदम गप्प होतात, लग्नाच्या बोलण्यात हे काय अभद्र काढलं म्हणून. मी वकील नाही, हिशोबाचं आणि रिटर्न भरायचं काम करते, त्यामुळे नवरा-बायकोच्या पैशाचे कागद रोज बघण्यात येतात, आणि त्यावरून माझं मत असं झालंय की आपल्याकडे हा करार जो मागतो त्याला बहुतेक वेळा त्याची गरज नसते आणि ज्याला खरी गरज असते त्याला कुणी विचारतच नाही.

आधी टीव्हीवरची अमेरिका डोक्यातून काढा

पिक्चरमध्ये दाखवतात घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी इस्टेट बायकोला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात हे बरंचसं खरं आहे, तिथे लग्नानंतरची कमाई दोघांची मिळून धरतात म्हणून तिथले लोक आधीच लिहून ठेवतात. आपल्याकडे तसा कायदाच नाहीये. गोवा सोडला तर (तिथे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो, काही वेगळं लिहिलं नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात आणि वेगळं हवं असेल तर ते लग्नाआधीच लिहावं लागतं) बाकी ठिकाणी साधा नियम, ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचं. बायकोला पोटगी मागता येते, राहायला जागा मागता येते, पण नवऱ्याच्या फ्लॅटची किंवा कारखान्याची निम्मी मालकी लग्न झालं म्हणून आपोआप मिळत नाही. तसंच बायकोच्या पगारावर, एफडीवर नवऱ्याचीही मालकी येत नाही.

आता विचार करा. बापाचा टॉवेलचा कारखाना वाचवायचा म्हणून जो मुलगा प्रीनप मागतोय त्याचा कारखाना तसाही वाचलेलाच आहे, मालकीपुरता तरी. आणि जी मुलगी लग्नानंतर नोकरी सोडणार, चार-पाच वर्षं पगार घरात घालणार, सासऱ्यांच्या नावावरच्या घराचा वरचा मजला बांधायला पैसे देणार, तिच्या नावावर कुठेच काही नसतं. कागदाची गरज तिला आहे.

कोर्टात हा करार चालतो का?

थोडा चालतो, थोडा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात प्रीनपबद्दल एक अक्षर नाही. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २३ म्हणतं की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्द, आणि नवरा-बायकोचे बरेच करार याच कलमावर पडतात. १९०१ साली कलकत्ता हायकोर्टापुढे एक केस होती, लग्नाच्या आधी लिहून घेतलेलं की जावयाने कायम सासूच्या घरीच राहायचं, थोडक्यात घरजावयाचा करार. कोर्टाने सांगितलं हे चालणार नाही. १९११ ला मद्रासच्या एका केसमध्ये पण असंच, पुढे कधी पटलं नाही तर वेगळं राहायचं आणि एवढे पैसे द्यायचे हे आधीच ठरवून ठेवलं होतं, तेही चाललं नाही.

म्हणून खालच्या गोष्टी करारात कुणी घातल्या तर त्यावर विसंबू नका: मी पोटगी मागणार नाही, मुलं झाली तर ताबा अमक्याकडे, घटस्फोट मागितला तर इतके लाख दंड, सासू-सासऱ्यांसोबतच राहावं लागेल, मी ४९८अ ची (सासरच्या छळाची, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तक्रार करणार नाही. पोटगीचा हक्क असा आधीच लिहून सोडता येत नाही, मुलांचा ताबा कोर्ट त्या वेळी मुलांचं हित बघून ठरवतं, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा जो हक्क आहे तो घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी मागता येतो असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय.

चालण्यासारखं काय, तर पैशाचा आणि वस्तूंचा सरळ हिशोब. लग्नाच्या दिवशी कुणाकडे काय होतं, कर्ज कुणाचं, दागिने कुणाचे, पुढे घेतलेल्या घरात कोण किती भरणार. यावर उद्या वाद झाला तर दोघांच्या सह्यांचा जुना कागद पुरावा म्हणून नक्की उपयोगी पडतो. पण कोर्ट तो जसाच्या तसा लागू करेलच अशी खात्री कुठला वकील देत असेल तर दुसरा वकील बघा.

मुस्लिम कुटुंबांत गोष्ट वेगळी आहे, तिथे निकाह हा मुळातच करार, मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ठरतो, निकाहनाम्यात अटी लिहायची सोय असते, तलाकचा अधिकार बायकोला सोपवायची (तफवीज) अट सुद्धा लिहिता येते. तिथे वेगळा प्रीनप शोधत बसण्यापेक्षा निकाहनामा नीट भरून घ्या, लोक मेहेरचा आकडा टाकतात आणि बाकीचं कोरं सोडतात.

मग तुम्हाला लागतो का? असं बघा

दोघं नवीन नोकरीला लागलेले, नावावर एक टू-व्हीलर आणि पीएफ, कर्ज नाही, घरची शेती वडिलांच्या नावावर. वकिलाला पैसे देऊ नका. दागिन्यांची यादी, नॉमिनी बदल आणि पुढे घर घेताना नीट नाव लावणं एवढंच पुरे.

घरात धंदा आहे आणि धंद्यावर कर्ज आहे. इथे थांबा, सोलापुरात हीच केस सगळ्यात जास्त. पूर्व भागात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांचे लूम आहेत, नवी पेठेत दुकान आहे, त्यांची बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) असते, आणि लिमिट वाढवायला गेलं की बँक म्हणते मिसेसची सही गॅरंटर म्हणून आणा. नवऱ्याचं कर्ज बायकोवर लग्नामुळे येत नाही, पण त्या एका सहीमुळे येतं, आणि गॅरंटरची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी तिच्या मागे लागू शकते. तुम्ही नवरा-बायकोने आपसात कितीही मोठा करार केला की "कर्जाशी पत्नीचा संबंध नाही" तरी बँकेला त्याचं काही घेणंदेणं नाही, बँक त्या करारात पार्टीच नाही. म्हणून करार करण्याआधी हे ठरवा की सही द्यायची की नाही. द्यायचीच असेल तर सँक्शन लेटर वाचून, लिमिट किती, तारण काय, तिच्या माहेरून आलेला प्लॉट त्यात ओढलाय का हे बघून मग द्या, आणि आपसातल्या करारात लिहा की तिला भरावं लागलं तर फर्म किंवा नवरा अमुक मुदतीत परत देईल. तसा हक्क कायद्यात गॅरंटरला आहेच, पण लिहिलेलं असलं की मुदत आणि पद्धत ठरते.

धंदेवाल्या घरासाठी प्रीनपपेक्षा जास्त कामाची एक गोष्ट सांगते जी एजंट लोक स्वतःहून क्वचित सांगतात. १८७४ च्या मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ६ खाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याची विमा पॉलिसी बायको-मुलांच्या नावे काढली की ती ट्रस्ट धरतात, धंदा बुडाला तरी त्याला कर्ज देणाऱ्यांना त्या पैशाला सहसा हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तो फॉर्म भरावा लागतो, जुन्या पॉलिसीला नंतर लावता येत नाही. आणि एकदा बायकोचं नाव टाकलं की नवऱ्याला मनाला येईल तेव्हा ते काढता येत नाही, त्यामुळे भांडणाच्या काळातही ते टिकतं. टर्म प्लॅनला हे लावा, खर्च फार येत नाही.

लग्नानंतर एकजण नोकरी सोडणार किंवा बदली घेणार. मुलगी टीसीएस-इन्फोसिसमधली असू दे नाहीतर झेडपी शाळेतली शिक्षिका, जर ठरलंय की ती सोडणार, तर काहीतरी लिहिलेलं पाहिजे. पण "महिना इतके देईन" असलं काही लिहिण्यापेक्षा थेट मालकी द्या. घर घेताना तिचं नाव ॲग्रीमेंटमध्ये लावा, नुसतं लोनमध्ये नको! हे लै लोकांना कळत नाही, को-बॉरोअर म्हणजे कर्ज फेडायला बांधील, को-ओनर म्हणजे मालक, बँक पगारवाली म्हणून तिला लोनमध्ये घेते आणि सेल डीड एकट्या नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर होतं. जुळे सोलापूरमधला फ्लॅट असो की विजापूर रोडचा प्लॉट, इंडेक्स टू वर (रजिस्टर झालेल्या दस्ताच्या उताऱ्यावर) कुणाचं नाव आहे ते बघा. आणि तिचा हप्ता तिच्याच खात्यातून जाऊ दे, कॅश देऊन नवऱ्याच्या खात्यातून भरला तर उद्या सिद्ध करायला काही राहत नाही.

दुसरं लग्न, आधीची मुलं आहेत. इथे मी म्हणेन कागद कराच, आणि प्रीनपसोबत मृत्युपत्र पण. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टाची मालमत्ता बायको, सगळी मुलं आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते, म्हणजे दुसरी बायको आणि पहिलीची मुलं एकाच सातबाऱ्यावर. ते कसं जातं ते तहसील ऑफिसला चकरा मारणाऱ्यांना विचारा.

परदेशी जाणार. आपल्याकडे कुठून कुठून पोरं अमेरिकेत गेलीत. तिथे कायदा तिथला लागतो, इथल्या नोटरीवाल्याने केलेला कागद तिथे कितपत टिकेल सांगता येत नाही, त्या राज्यातला वकील पाहिजे. कॅलिफोर्नियात फायनल मसुदा हातात दिल्यापासून सही करायला निदान सात दिवस द्यावे लागतात, हळदीच्या दिवशी सही घेतली तर चालायचं नाही. इंग्लंडमध्ये २०१० पासून तिथलं सुप्रीम कोर्ट अशा कराराला बरंच वजन देतं, पण दोघांना त्याचा अर्थ नीट कळलेला असला पाहिजे आणि तो अन्यायाचा नसला पाहिजे.

विषय काढायचा कसा

आपल्याकडे लग्नात लिहून घ्यायची लाज कधीच नव्हती. यादी पे शादी म्हणतो ना आपण, कोण मंडप देणार, कुणाचं जेवण, किती तोळे, मानपानाच्या साड्या किती, सगळं दोन्हीकडच्या सह्यांनी वहीत लिहितात. आणखी एक कागद आहे, मुलीचं लग्न ठरलं की भाऊ-चुलते वडिलोपार्जित जमिनीचं हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवतात, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय (महाराष्ट्रात तर १९९४ पासून काही प्रमाणात होता) तरी ती निमूट सही करते आणि त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही. त्यामुळे करार म्हटल्यावर ज्यांना संकट वाटतं त्यांना सांगा, याद्या करतोच आहोत, त्यात दोन पानं वाढवू.

या याद्यांत एक धोका आहे, मागून घेतलेल्या वस्तू लिहिल्या तर तो हुंड्याचा करार होतो आणि १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने असा करार रद्दच, वर गुन्हा. पण त्याच कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत, लग्नात स्वखुशीने आलेल्या भेटींची यादी ठेवा म्हणून, वधूची वेगळी वराची वेगळी, वस्तू काय, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली दोघांच्या सह्या. ही यादी फार कमी घरात करतात आणि उद्या भांडण झालंच तर सगळ्यात जास्त उपयोगी हीच. दागिन्यांचं वजन, बिल, फोटो जोडा. सासरकडून अंगावर घातलेले दागिने पण तिचंच स्त्रीधन, ते सासूच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणून सासूचे होत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८५ लाच सांगितलंय.

बोलणी आई-वडिलांवर सोडू नका. आधी दोघांनी बोला, सात रस्त्याला चहा प्यायला बसा नाहीतर फोनवर, पण आकड्यात बोला. "आमचं चांगलं चाललंय" हे उत्तर नाही. विचारायला सोपं जावं म्हणून एक युक्ती, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही भरायच्या शपथपत्राचा नमुना ठरवून दिलाय, उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, महिन्याचा खर्च. कोर्टात गेल्यावर जो फॉर्म भरावाच लागतो तो लग्नाआधी घरी बसून दोघांनी भरा आणि एकमेकांना द्या. सोबत सिबिल रिपोर्ट (कुणाचं कर्ज किती, हप्ते वेळेवर भरले का ते दाखवणारा), वर्षातून एकदा फुकट मिळतो. एवढं केलं की करार लागतो की नाही हे बहुतेकांना स्वतःलाच कळतं, मला विचारावं लागत नाही.

करायचं ठरलं तर

लग्नाच्या निदान दोन-तीन महिने आधी सुरू करा, पत्रिका छापल्यावर नको. दोघांचे वकील वेगळे. एकाच वकिलाने दोघांचं बघितलं की उद्या एकजण म्हणणार मला दबावाखाली सही करायला लावली, आणि दबाव सिद्ध झाला तर करार त्याच्या मर्जीने रद्द होतो. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालतं आणि मसुदा मात्र इंग्लिशमध्ये येतो, तेव्हा तो ज्याच्या त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून घ्या आणि "वाचून दाखवला, समजला" असं शेवटी लिहून घ्या. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धरामेश्वरांच्या अक्षतांच्या आधी सुद्धा संमती कट्ट्यावर सगळ्यांसमोर संमती वाचन होतं, मग आपल्याला मोठ्याने वाचायला काय झालं.

साधा करार ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या याच लोकांनी केल्या एवढाच अर्थ, आतला मजकूर त्याने कायदेशीर होत नाही. जमीन-घराची मालकी कराराने बदलत नाही, त्याला रजिस्टर दस्तच लागतो. दोन साक्षीदार घ्या, दोन्हीकडचा एकेक.

लग्न झालंय, आता पोस्टनप (लग्नानंतरचा तसाच करार)?

१९०० साली कलकत्त्यात एक गमतीशीर निकाल झाला. नवरा-बायकोचं सतत भांडण, शेवटी नवऱ्याने वेगळं राहायला आणि खर्चाला पैसे द्यायचं रजिस्टर करून लिहून दिलं आणि मग दिलेच नाहीत. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २५ खाली जवळच्या नात्यात प्रेमापोटी लिहून रजिस्टर केलेला करार मोबदल्याशिवाय पण चालतो, त्यावर बायको कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, भांडणं तर कागदातच लिहिलीत, प्रेम कुठाय? करार गेला. म्हणून पोस्टनप करायचा तर बरं चाललेलं असताना, घर घेताना, बायको पार्टनर म्हणून फर्ममध्ये येताना, वडिलांची वाटणी झाल्यावर. घर सोडून जाते म्हणाल्यावर घाईने लिहिलेला कागद फार टिकत नाही.

आणि खरं सांगायचं तर पोस्टनपचं बरंचसं काम दुसरे कागद जास्त पक्कं करतात. नवऱ्याला राहतं घर किंवा शेती बायकोला द्यायची असेल तर बक्षीसपत्र करा, महाराष्ट्रात नवरा-बायकोत याला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार, रजिस्ट्रेशन वेगळं), फक्त त्या घराचं भाडं आलं तर टॅक्सला ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरे. नॉमिनी टाकलाय म्हणून निवांत राहू नका, कालनिर्णयवाल्या साळगावकरांच्या घरातल्या केसमध्येच २०२३ ला सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आणि कमावत्या बायकांनी तर स्वतःचं मृत्युपत्र कराच, मूलबाळ आणि नवरा नसताना हिंदू स्त्री गेली तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आई-वडील त्यांच्या नंतर.

समोरचा नाही म्हणाला तर

कराराला नाही म्हणाला तर लगेच संशय घेऊ नका, घरचे दबाव असतात, शब्दाचीच भीती असते, तेव्हा याद्या आणि मृत्युपत्रावर भागवा. पण कर्ज किती हे सांगायलाच नाही म्हणत असेल, सिबिल दाखवत नसेल, "बायकांनी कशाला बघायचं" असं उत्तर येत असेल, तर करार राहू दे, आधी तारीख पुढे ढकला. हॉलचा ॲडव्हान्स गेला तर गेला.

केलेला कागद कपाटात टाकून विसरायचा नाही. मूल झालं, नोकरी सुटली, नवीन लोन घेतलं, घर घेतलं की तो बाहेर काढा. जुन्या पानावर खाडाखोड करू नका, नवीन पान जोडा, तारीख टाका, दोघांच्या सह्या, साक्षीदार, आणि एकेक प्रत दोघांकडे वेगवेगळ्या ठिकाणी.